किनारारेषा कोणत्या पाण्याची? सागरी नकाशांवरून खुला किनारी डेटा तयार करतानाच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

आजपासून काम रीतसर सुरू झाले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा एक खडकाळ, लहान-मोठ्या बेटांनी भरलेला तुकडा आम्ही निवडला आहे. त्या भागाच्या सागरी नकाशांमधील किनारारेषा, खडक, दीपगृहे, बोये (साखळीने तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणा) आणि खोलीचे आकडे कोणालाही वापरता येतील अशा डिजिटल स्वरूपात आणायचे आहेत. किनारारेषा, खडक आणि नौकानयनाच्या खुणा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात जातील. खोलीचे आकडे आणि समखोली रेषा तिथे सरसकट घालण्याचा प्रघात नाही, म्हणून त्यांची स्वतंत्र खुली फाइल निघेल.

हाच किनारा घेण्यामागे परवान्याचे कारण आहे. अनेक देशांची जलालेखन कार्यालये आपल्या नकाशांवर स्वामित्वहक्क राखतात आणि अशा नकाशावरून रेष गिरवून घेणे ही नक्कलच ठरते. अमेरिकी संघराज्य सरकारने केलेले काम मात्र तिथल्या कायद्याने स्वामित्वहक्काच्या बाहेर असते, आणि नोआ ही तिथली महासागर व वातावरणविषयक सरकारी संस्था आपले इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे विनामूल्य उतरवून घेऊ देते. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाबेस परवान्याखाली आहे आणि अशी मुक्त सामग्री त्यात सामावून घेता येते. तरीही मोठ्या संख्येने वस्तू आयात करायच्या तर आधी योजना समुदायापुढे मांडावी लागते, आयातीसाठी वेगळे खाते वापरावे लागते आणि पद्धत लिहून ठेवावी लागते. तो मसुदा आज हाती घेतला.

कामाची गरज डोळ्यांना दिसण्याजोगी आहे. सुरुवातीच्या वर्षांत जगभरची पुष्कळशी किनारारेषा लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून यंत्राने काढलेल्या रेषांमधून आली. अशी रेषा जवळून पाहिली की पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आमच्या तुकड्यातही काही बेटांचा काठ तसाच आहे, तर काही छोटी बेटे नकाशावर नाहीतच.

१७ जानेवारी

नोआच्या फाइली उतरवून घेतल्या. त्या एस-५७ या मानकात असतात. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेने या मानकाची ३.१ ही आवृत्ती नोव्हेंबर २००० मध्ये काढली. पुढचे एस-१०१ हे मानक आता हळूहळू रुजत असले, तरी जहाजांवरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशांची भिस्त अजून मुख्यतः एस-५७ वरच आहे. प्रत्येक सेलची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या एका तुकड्याची, एक मूळ फाइल असते आणि तिच्यामागोमाग दुरुस्त्यांच्या क्रमांक दिलेल्या लहान फाइली येतात. या दुरुस्त्या लावायच्या राहिल्या, तर काढून टाकलेला बोया आपल्या डेटात तसाच तरंगत राहतो. अशा फाइली वाचणारी जीडीएएल ही मुक्त संगणक-प्रणाली दुरुस्त्या आपणहून लावते, पण त्या फाइली मूळ फाइलीशेजारीच ठेवलेल्या असाव्या लागतात. सहकाऱ्याने सगळ्या फाइली प्रकारांनुसार वेगवेगळ्या फोल्डरांत लावून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा एकत्र केल्या.

एकच किनारा वेगवेगळ्या प्रमाणांच्या सेलांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. महासागराच्या धावत्या दर्शनापासून धक्क्याला बोट लावण्यापर्यंत एकूण सहा पट्टे आहेत. १:२,००,००० प्रमाणाच्या नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर ४० मीटर व्यापते आणि १:४०,००० वर तीच रेघ ८ मीटर. म्हणून नियम असा ठरवला की जिथे मोठ्या प्रमाणाचा सेल उपलब्ध आहे तिथे फक्त तोच घ्यायचा आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या संकलनाचे प्रमाणही साठवायचे. दोन सेलांच्या सीमेवर रेषा जुळत नसतील, तर त्या हाताने जोडाव्या लागतील.

२४ जानेवारी

आजची चूक माझी होती आणि ती नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. एस-५७ मध्ये खोलीचे आकडे एकेकटे नसतात. शेकडो बिंदूंचा एक गुच्छ म्हणजे एक वस्तू असते, आणि प्रत्येक बिंदूची खोली ही त्याच्या निर्देशांकांतील तिसरी संख्या असते, गुणधर्मांच्या तक्त्यात ती नसते. मी हा थर द्विमितीय करून दुसऱ्या स्वरूपात उतरवला. अक्षांश-रेखांश बिनचूक उतरले आणि खोली मात्र पुरती नाहीशी झाली. पडद्यावर बिंदूंची रांगोळी सुरेख दिसत असल्याने हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली. आता गुच्छ फोडण्याचा आणि खोली वेगळ्या रकान्यात लिहिण्याचा असे दोन्ही पर्याय आज्ञेतच कायमचे घातले आहेत.

याच्याच जोडीची दुसरी गफलत चिन्हाची आहे. सागरी नकाशात खोली खालच्या दिशेने धन मानतात आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागेची उंची ऋण. उंचीच्या प्रतिरूपांत याच्या नेमके उलट असते. आमच्या फाइलीत सागरी नकाशाचीच रीत ठेवायची असे ठरले आणि रकान्याच्या नावातच तसे लिहिले.

३० जानेवारी

समखोली रेषांची मूल्ये क्रमाने लावून पाहिली: १.८, ३.६, ५.४, ९.१, १८.२ मीटर. हे आकडे कोणीही मीटरमध्ये विचार करून निवडले नसते. त्यांना फुटांत नेले की उलगडा होतो: ६, १२, १८, ३० आणि ६० फूट, म्हणजे १, २, ३, ५ आणि १० वाव. नाविकाने दोन्ही हात पसरून दोरी मोजायची, ती एक वाव, १.८२८८ मीटर.

मात्र १८ फुटांचे मीटर ५.४८६४ होतात. नेहमीच्या रीतीने पूर्णांकन केले असते तर ५.५ आले असते, पण फाइलीत ५.४ आहे. ३.६५७६ चे ३.६ झाले आहे आणि १८.२८८ चे १८.२. दर वेळी आकडा खालीच उतरवला आहे, कारण नाविकाला पाणी आहे त्यापेक्षा जास्त सांगणे धोक्याचे असते. दशांशाच्या या एका अंकात सागरी नकाशाचा स्वभाव दिसतो. तो समुद्रतळाचे तटस्थ वर्णन करत नाही. तो जहाज सुखरूप जाण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून जवळजवळच्या अनेक मोजमापांतून उथळ आकडा छापण्यासाठी निवडला जातो आणि खोल आकडे गाळले जातात.

याचा आमच्या फाइलीवर थेट परिणाम होतो. नकाशावरच्या आकड्यांमधून समुद्रतळाचा पृष्ठभाग तयार केला, तर तो प्रत्यक्षापेक्षा वर येईल. म्हणून फाइलीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की हे आकडे उथळ बाजूला झुकलेले आहेत. लाटा, गाळ किंवा पुराची गणिते करणाऱ्यांनी मूळ सर्वेक्षणाची मोजमापे घ्यावीत. नोआ तीही खुली ठेवते. तसेच ५.४ चे ५.४८६४ करण्याचा मोह आम्ही टाळला. आकडा जसा प्रसिद्ध झाला तसाच राहील आणि शेजारच्या रकान्यात त्याचे मूळ माप अनुमान म्हणून येईल.

१० फेब्रुवारी

किनारारेषेचा प्रश्न आज टेबलावर आला आणि दिवसभर तिथेच राहिला.

नकाशावर जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ असते, पण प्रत्यक्षात पाणी कधीच एका रेघेवर थांबत नाही. म्हणून प्रत्येक नकाशा एखादी पातळी ठरवून घेतो. नोआच्या नकाशांवर खोली मोजायला जी पातळी धरतात ती सरासरी निम्नतर ओहोटीची असते: दिवसातल्या दोन ओहोटींपैकी जी अधिक खाली उतरते तिची १९ वर्षांची सरासरी. १९ वर्षे घेण्याचे कारण चंद्र आहे. पंचांगात ज्यांना राहू-केतू म्हणतात त्या चंद्रकक्षेच्या पातबिंदूंची एक फेरी पुरी व्हायला १८.६ वर्षे लागतात आणि त्या काळात भरतीचा आवाका थोडा कमी-जास्त होत राहतो. ब्रिटनसारखे देश याहून खालची, खगोलीय गणिताने येणारी नीचतम ओहोटीची पातळी धरतात. किनारारेषा मात्र ओहोटीची नसतेच. नोआच्या नकाशावर ती सर्व भरत्यांच्या सरासरी पातळीची असते, आणि दीपगृहांच्या ज्योतीची व पुलाखालच्या मोकळ्या जागेची उंचीही भरतीच्या पातळीपासून मोजतात. थोडक्यात, एकाच कागदावर दोन शून्ये असतात.

आता ओपनस्ट्रीटमॅपची व्याख्या पाहू. तिथे किनारारेषा म्हणजे उधाणाच्या भरतीची सरासरी रेषा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, आणि भांगाच्या भरतीला पाणी बरेच कमी चढते. सर्व भरत्यांची सरासरी या दोहोंच्या मधली असल्याने नोआची रेषा ओपनस्ट्रीटमॅपच्या रेषेपेक्षा थोडी समुद्राकडे असणार. उभ्या खडकावर हा फरक रेघेच्या जाडीत लपतो. सपाट पुळणीवर आणि खाजणात मात्र उभ्या मापातले वीतभर अंतर आडवे होऊन कित्येक मीटर पसरते.

दुपारी दोन मते पुढे आली. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की रेषा सध्याच्या रेषेपेक्षा चांगलीच आहे, तेव्हा ती घालावी आणि पुढे जावे. माझा आग्रह असा की रेषेबरोबर तिची पातळीही गेली पाहिजे. उद्या कोणी समुद्र किती आत आला हे या रेषेवरून मोजायला बसला, तर व्याख्येतला फरकच त्याला जमिनीची धूप म्हणून दिसेल. अखेर ठरले ते असे: खडकाळ काठावर नोआची रेषा जशीच्या तशी घ्यायची. प्रत्येक बदलसंचात (एका वेळी चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) पातळी, सेलची आवृत्ती आणि सर्वेक्षणाची तारीख लिहायची. पुळणी व खाजणे तूर्त बाजूला ठेवायची.

१८ फेब्रुवारी

बाजूला ठेवलेली पहिली जागा आज तपासली. हवाई चित्रात तिथे पाण्याचा काठ नकाशातल्या रेषेपासून पुष्कळ लांब, समुद्राकडे दिसतो. पहिल्या नजरेला नकाशा चुकलेला वाटतो. चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा चिखलात उताराच्या दिशेने फांद्यांसारखे पसरलेले ओहळ दिसले आणि खडकांच्या पायथ्याशी सागरी शेवाळाचा गडद पट्टा पूर्ण उघडा दिसला. म्हणजे चित्र ओहोटीचे आहे. किनारारेषा चित्रावरून गिरवणाऱ्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच असावी, कारण चित्र कोणत्या वेळच्या पाण्याचे आहे हे त्यावर लिहिलेले नसते.

खाजणात याच्या उलट अडचण आहे. तिथे नकाशावरची किनारारेषा ही भरतीची रेषा नसून गवताची बाहेरची कड असते, कारण बोटीतून पाहणाऱ्याला काठ म्हणून तीच दिसते. भरतीचे पाणी त्या गवतातून आत, पुष्कळ दूरवर शिरते. ती कड किनारारेषा म्हणून घेतली, तर दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा भाग नकाशावर कोरडी जमीन ठरेल. त्यामुळे खाजणांतली रेषा किनारारेषा म्हणून घ्यायची नाही. ती भरतीच्या पाणथळ क्षेत्राची बाहेरची हद्द म्हणून घ्यायची.

३ मार्च

आठवडाभर रेषा जोडण्याचे काम चालले. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनारारेषेला दिशा असते: रेषेच्या दिशेने तोंड केले की डावीकडे जमीन आणि उजवीकडे पाणी. एस-५७ मधल्या कडा दोन क्षेत्रांत सामाईक असल्याने त्यांची दिशा कशीही असू शकते. एक तुकडा जरी उलटा राहिला, तरी बेटाच्या जागी तळे होते. दिशा यंत्राने लावली आणि प्रत्येक बेट डोळ्यांनी पाहिले. एका रेषेत २,००० पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत, म्हणून लांब किनारे तोडावे लागले.

धक्के आणि बांध यांचा वेगळा वर्ग असतो. भरीव दगडी बांध किनारारेषेत येतो, खांबांवरचा लाकडी धक्का येत नाही आणि तरंगता धक्का तर मुळीच नाही. फाइलीत पहिले दोन एकाच वर्गात असून गुणधर्माने वेगळे केलेले आहेत, तरंगत्या धक्क्याचा वर्ग मात्र निराळा आहे.

१३ मार्च

जुना कागदी चार्ट घ्यायचे दोन हेतू आहेत. एक म्हणजे काही खडक मूळ कुठून आले ते शोधणे आणि दुसरा म्हणजे जुनी किनारारेषा वेगळ्या ऐतिहासिक फाइलीत ठेवणे. अमेरिकेत किनारा सर्वेक्षणाची सुरुवात १८०७ मधली आहे आणि त्या खात्याचे जुने नकाशे स्कॅन करून खुले ठेवले आहेत. आम्ही घेतलेला चार्ट विसाव्या शतकाच्या मध्याचा, लहान प्रमाणाचा आणि वाव-फुटांतला आहे.

पहिला अडथळा आकड्यांचा होता. चार्टवर ३ आणि त्याच्या पायाशी बारीक २ छापलेला असेल, तर मीटरच्या नकाशावर तो ३.२ मीटर असतो, पण वावांच्या चार्टवर ३ वाव २ फूट, म्हणजे २० फूट, म्हणजेच ६.०९६ मीटर. तोच छापील आकडा आणि जवळजवळ दुप्पट पाणी. आकडे यंत्राने वाचणाऱ्या साधनाला हा फरक कळत नाही. चार्टच्या शीर्षकाखाली लिहिलेले माप वाचणारा माणूस हवाच. अधोरेखित आकड्यांची गतही तशीच आहे. अधोरेखित आकडा खोली सांगत नाही. ओहोटीच्या पातळीवर तो भाग किती उंच उघडा पडतो हे तो सांगतो. स्कॅनमध्ये खालची बारीक रेघ पुसट झाली, की उघडा पडणारा कातळ पाण्याखालचा समजला जातो.

कागद अक्षांश-रेखांशांत बसवतानाही घाई चालत नाही. जुने चार्ट तांब्याच्या पत्र्यावरून ओलसर कागदावर छापत असत आणि तो कागद वाळताना उभ्या-आडव्या दिशांनी वेगवेगळा आक्रसे. आमचा चार्ट त्या पद्धतीचा नसला, तरी कागदाचे ताणणे आणि घड्या आहेतच. चार कोपऱ्यांवर भागवण्याऐवजी अक्षांश-रेखांशांच्या जाळ्याचा प्रत्येक छेद नियंत्रण बिंदू म्हणून घेतला. घडीच्या जागी चूक एकदम वाढलेली दिसली आणि तेवढा भाग वेगळा बसवला.

मग डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात ती चौकट. चार्ट १९२७ च्या उत्तर अमेरिकी डेटमवर आहे आणि आजची सामग्री १९८३ च्या डेटमवर, जो सागरी कामात जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमच्या तोडीचा धरतात. आधी कागद त्याच्या स्वतःच्या डेटमात आणि मर्केटर प्रक्षेपातच बसवायचा आणि मगच रूपांतर करायचे. हा क्रम उलटला, तर रूपांतराची चूक आणि कागदाची चूक एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. रूपांतर न करता थर लावून पाहिले, तर प्रत्येक बेटाला चाळीसेक मीटरवर एक जुळे भावंड दिसत होते. रूपांतर झाल्यावर भावंडे एकमेकांवर आली. एका ठिकाणी मात्र जुळे कायम राहिले. ते खरोखरच दोन खडक निघाले आणि त्यांतला एक आजच्या ओपनस्ट्रीटमॅपवर नव्हता.

२६ मार्च

खडकांचा आठवडा. कागदी चार्टवर सहा पाकळ्यांची चांदणी म्हणजे भरतीला झाकला जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा खडक. अधिक चिन्हाच्या चार कोनांत चार टिंबे असतील, तर ओहोटीच्या ठरलेल्या पातळीला पाण्याशी समपातळीत येणारा. नुसते अधिक चिन्ह म्हणजे कायम पाण्याखालचा आणि किती खाली ते ठाऊक नसलेला धोकादायक खडक. एस-५७ मध्ये हाच भेद पाण्याच्या पातळीच्या गुणधर्मात अंकांनी लिहिलेला असतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या नौकानयन खुणांच्या टॅगांमध्ये (वस्तूला जोडायच्या माहितीच्या चिठ्ठ्यांमध्ये) यांना समांतर मूल्ये आहेत, त्यामुळे इथे काही हरवत नाही, फक्त कंटाळा न करता प्रत्येक खडकाचा गुणधर्म नेला पाहिजे. चार टिंबे गाळून फक्त ‘खडक’ एवढाच टॅग घातला, तर सामान्य नकाशावर पाण्याखालचा खडक बेटाप्रमाणे रंगवला जाण्याची शक्यता असते.

८ एप्रिल

दीपगृहांचे काम सोपे जाईल असे वाटले होते. प्रकाशाचे वर्तन, आवर्तनकाल, उंची आणि पल्ला हे सगळे सरळ उतरले. रंगांच्या क्षेत्रांपाशी अडलो. पांढरा प्रकाश २००° ते २३०° असा लिहिलेला असेल, तर ते कोन जहाजावरून दिव्याकडे पाहतानाचे असतात. दिव्याजवळ उभे राहून पाहिले, तर ते क्षेत्र ०२०° ते ०५०° या दिशेला असते. टॅगांमध्येही समुद्राकडूनचेच कोन लिहायचे असल्याने आकडे जसेच्या तसे राहतात, पण तपासणीसाठी चित्र काढताना १८०° मिळवावे लागतात. आमच्या पहिल्या चित्रात सुरक्षित वाटेचा पांढरा पट्टा थेट डोंगरावर पडला होता. चूक डेटात नव्हती, चित्रात होती, पण ती कुठे आहे हे शोधण्यात सकाळ गेली.

१६ एप्रिल

बोये झाले. जगात बोयांच्या रंगांच्या दोन पद्धती आहेत. अमेरिका खंडांत, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला असतो आणि उरलेल्या जगात डाव्या. पद्धत कोणती हे प्रत्येक बोयावर टॅगाने लिहिले. बोया साखळीवर फिरतो, काही हंगामापुरतेच असतात आणि नाविकांच्या साप्ताहिक सूचनांमधून जागा बदलत राहते. म्हणून हे टॅग मार्गदर्शनासाठी नव्हेत असे आमच्या पानावर ठळकपणे लिहिले.

२९ एप्रिल

आकड्यांवर किती विसंबावे याची नोंद सागरी नकाशे स्वतःच ठेवतात, आणि ही नोंद आजवर सार्वजनिक डेटात उतरताना सर्वांत आधी गळते. एस-५७ मध्ये प्रत्येक क्षेत्राला विश्वासार्हतेची प्रत दिलेली असते. ए-१ प्रतीत जागा ५ मीटर अधिक खोलीचे ५ टक्के इतक्या चुकीच्या आत असते आणि खोली अर्धा मीटर अधिक खोलीचा १ टक्का इतक्या चुकीच्या आत. बी प्रतीत जागेची मुभा ५० मीटरांपर्यंत जाते. सी प्रतीत ती ५०० मीटर होते आणि खोलीची २ मीटर अधिक ५ टक्के. त्याखाली डी, आणि तपासणीच न झालेल्या क्षेत्रांना वेगळी खूण. नोआने स्वतः सांगितले आहे की तिच्या नकाशांवरील खोलीच्या माहितीपैकी सुमारे निम्मी १९४० पूर्वीच्या सर्वेक्षणांतून आली आहे. त्या काळी मोजणीत शिशाचे वजन बांधलेल्या दोरीचा मोठा वाटा होता. दोरी जिथे टेकली तिथली खोली बहुधा नीट कळत असे, पण दोन टेकण्यांच्या मधे काय आहे ते कळत नसे.

आज आमच्या खुल्या फाइलीतल्या प्रत्येक खोलीच्या बिंदूला त्याच्या क्षेत्राची प्रत आणि जिथे लिहिली असेल तिथे स्रोताची तारीख जोडून झाली. प्रतींनुसार रंग देऊन नकाशा उघडला, तेव्हा बंदराकडे जाणारी रुंद वाट अलीकडच्या सर्वेक्षणाच्या रंगात होती आणि दोन्ही बाजूंच्या खाड्या जुन्या रंगात. मासेमारीच्या लहान होड्या ज्या पाण्यात फिरतात, नेमके त्याचेच ज्ञान सर्वांत जुने आहे.

१२ मे

योजना समुदायापुढे तीन आठवडे होती. आक्षेप आले आणि त्यांतले दोन रास्त होते. पहिला असा की ज्यांनी हाताने, प्रत्यक्ष जाऊन किनारा आखला आहे त्यांचे काम आयातीने पुसले जाऊ नये. म्हणून प्रत्येक बेटाचा इतिहास पाहून, जिथे स्थानिक माणसाने अलीकडे काम केले आहे तिथे आमची रेषा सोडून दिली. दुसरा आक्षेप पुळणींबद्दल होता: त्या बाजूला ठेवणे म्हणजे निम्मे काम टाळणे. सुचवणी अशी आली की हवाई लेसर मोजणीची उंची घ्यावी आणि नोआच्याच व्हीडेटम या साधनाने ती भरतीच्या पातळीत रूपांतरित करून रेषा काढावी. एका पुळणीवर करून पाहिले. आलेली रेषा नकाशातल्या रेषेपासून ठिकठिकाणी सरकलेली होती, जे वाळूच्या बाबतीत साहजिक आहे. पुळणींसाठी हीच पद्धत घेतली. तिथे स्रोत सागरी नकाशा नसून लेसर मोजणी आहे असे वेगळे लिहिले.

२७ मे

पहिली तीन बेटे चढवली. दोन दिवस थांबून किनारारेषा नकाशावर नीट उमटली का ते पाहिले आणि मग पुढची घेतली.

९ जून

शेवटच्या यादीत एक खडक उरला होता. इलेक्ट्रॉनिक नकाशात तो आहे आणि त्याच्या स्थितीच्या गुणधर्मात ‘अस्तित्व संशयित’ असे आहे. स्रोताची तारीख कोरी आहे. जुन्या कागदी चार्टवर, खाडीच्या तोंडाशी, त्याच जागी अधिक चिन्ह आहे आणि त्याच्याशेजारी तोच संशय दोन बारीक अक्षरांत छापलेला आहे. ओहोटीच्या हवाई चित्रात तिथे फक्त पाणी दिसते, पण चित्रात पाण्याच्या तळचे दिसण्याइतके ते स्वच्छ नाही. सागरी नकाशातून धोका काढायचा तर तो तिथे नाही हे सर्वेक्षणाने सिद्ध करावे लागते, आणि तसे सर्वेक्षण त्या जागी अजून झालेले दिसत नाही.

एका सहकाऱ्याला तो गाळावासा वाटत होता, कारण सार्वजनिक नकाशावर नसलेला खडक दाखवणे त्याला पटत नव्हते. मला तो ठेवणे योग्य वाटले, फक्त संशयासकट. चर्चेनंतर बिंदू चढवला. त्याच्यावर पाण्याखालचा खडक, खोली अज्ञात, अस्तित्व संशयित असे तीन टॅग आहेत. टिपेत जुन्या चार्टचे वर्ष लिहिले आहे आणि अशी विनंती केली आहे की उधाणाच्या दिवसांत, पाणी पुरते उतरलेले असताना कोणी त्या बाजूने गेले, तर पाहून दुरुस्ती करावी.